रिकामीच होती

छत्रीचं टोक तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर होतं. पोस्टाच्या रांगेत ऑड्रेच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने ती छत्री बगलेत आडवी धरली होती, आणि भिंतीवरचं दरपत्रक वाचायला तो जरा वळला की टोक तिच्या पोटावरून सरकत मागच्या बाबागाडीवर जाई, तिथून सावकाश परत येई. ऑड्रेने एकदा सोसलं, दुसऱ्यांदा सोसलं. मग तिचा हात तिला न विचारता पुढे गेला, दोन बोटांनी तिने ते टोक धरलं आणि खाली दाबलं. "जमिनीकडे!" ती म्हणाली. आवाज पोस्टाच्या मापाचा नव्हता. शेताच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पोचणारा होता. सगळी रांग वळली. तो माणूस चांगल्या कोटातला, चाळिशीचा. आधी दचकला, मग आपण दचकलो हे लोकांनी पाहिलं म्हणून हसला. "अहो आजी, छत्री आहे ही," तो म्हणाला, आणि रांगेला ऐकू जाईल अशा बेताने पुढे जोडलं, "रिकामीच आहे. भरलेली नाही." रांग हसली. "सगळे असंच म्हणतात," ऑड्रे म्हणाली. त्यावर रांग आणखी हसली, कारण म्हातारीने विनोदाला विनोदाने उत्तर दिलं असं सगळ्यांना वाटलं. बाबागाडीवाली बाई तेवढी हसली नाही. तिने गाडी फूटभर मागे घेतली होती, आणि का घेतली हे तिचं तिलाही माहीत नसावं.

तिकिटं घेऊन ऑड्रे बाहेर आली आणि नदीच्या बाजूने घराकडे निघाली. पावलं भरभर पडत होती. लाजेने नाही, लाज हा प्रकार तिने वैधव्याबरोबर केव्हाच गुंडाळून ठेवला होता. घाई रागाची होती, आणि राग त्या छत्रीवाल्यावर नव्हता, तो बिचारा तर निमित्ताचा धनी झाला होता. राग त्या दोन शब्दांवर होता. एका आठवड्यात दोन पुरुषांनी तिला तेच दोन शब्द ऐकवले होते, त्याच सुरात, तसंच हसून, आणि दोन्ही वेळा भोवतालच्या माणसांनी त्यांनाच साथ दिली होती. गंमत अशी की दोन्ही वेळा ते खरंच होतं. छत्री रिकामी होती. आणि गेल्या शनिवारी भाच्याच्या, डेरेकच्या शेतावर मिस्टर डॅन्बींची बंदूकही रिकामीच होती. ते खोटं असतं तर किती सोपं होतं! बंदुकीतून दोन काडतुसं निघाली असती, डॅन्बींचा चेहरा पांढरा पडला असता, डेरेकने तिचा हात दाबला असता, आणि पुढली दहा वर्षं शेतावरच्या ट्रेलरपाशी चहा पिताना लोकांनी ती गोष्ट सांगितली असती. पण नळ्यांमधून निघालं काय, तर आकाश. दोन गोल, स्वच्छ, निळे तुकडे. त्या दोन तुकड्यांवर लोक अजून हसत होते, आणि यॉर्कच्या फरसबंदीवरून चालताना तिला ते हसणं ऐकू येत होतं.

झालं होतं एवढंच. जवाच्या वरच्या शेताची कापणी अर्ध्यावर आली होती आणि ससे कडेच्या गवतात शिरले होते. बंदूकवाले पाचसहा जण तारेच्या कुंपणाकडे निघाले. ऑड्रे आधीच पलीकडे पोचली होती. तिची दुनळी, वडिलांची जुनी, बिजागरीतून मोडून, म्हणजे उडूच शकणार नाही अशी उघडून, कोपरावर टाकलेली. नळ्या जमिनीकडे, काडतुसं खिशात. डॅन्बी मागून आले. खालची सगळी शेतं त्यांची, डेरेक ती खंडाने करतो. हवेली घेऊन त्यांना इथे तिसरं वर्ष लागलेलं, बंदूक मात्र त्याच महिन्यातली. त्यांनी एक पाय तारेवर टाकला, आणि तारेच्या वरून एका हाताने आपली बंदूक तिच्यापुढे केली. बंद. नळ्या आडव्या, तिच्या मांड्यांच्या उंचीवर. "धरा जरा, मिसेस मेटकाफ. रिकामीच आहे." आणि ऑड्रेने आपला मोकळा हात पाठीमागे नेला. मुद्दाम नव्हता नेला. तापलेल्या तव्यापासून जसा हात मागे येतो तसा तो गेला. "मोडून द्या," ती म्हणाली. "अहो, आत्ताच काढली काडतुसं, तुमच्यासमोर." "मोडून द्या." डॅन्बींचा एक पाय तारेच्या अलीकडे, एक पलीकडे, त्या अवस्थेत माणसाला फार वेळ रुबाब सांभाळता येत नाही. ते उतरले. खटका दाबून त्यांनी बंदूक मोडली आणि दोन्ही हातांनी आकाशाकडे धरली, जादूगार रिकामी टोपी दाखवतो तशी. "बघा! दिसतंय आकाश? की चष्मा आणायचा?" तिचा जुना सोबती बर्नार्ड, ज्याच्याबरोबर तिने तीस कापण्या पाहिल्या, तोसुद्धा खो खो हसला. "तुमच्या डोळ्यांपेक्षा तुमचा संशय तरुण आहे," डॅन्बी म्हणाले. हे वाक्य चांगलं होतं, हे ऑड्रेला त्याच क्षणी मान्य करावं लागलं. तिने मोडलेली बंदूक हातात घेतली, ते तार ओलांडून आले, तिने ती परत दिली. आभार कुणीच कुणाचे मानले नाहीत.

तिच्या वडिलांच्या घरात 'रिकामी' या शब्दाला उत्तर म्हणून किंमत नव्हती. वॉल्टर हा कमी बोलणारा माणूस. शिकवायचं म्हणजे बोलायचं असं त्याला वाटत नसे. तिला बारावं लागलं तेव्हा त्याने तिच्या हातात बंदूक दिली आणि अख्खा हंगाम एकही काडतूस दिलं नाही. शरद संपला, थंडी गेली, कोकरं झाली, तरी ती आपली रिकामी बंदूक घेऊन त्याच्या डाव्या हाताला चालते आहे. फाटक आलं की मोडायची. ओढा आला की मोडायची. समोरून पोस्टमन आला की मोडायची, नमस्कार करायचा, तो गेला की नळ्यांत चिखल तर नाही ना ते बघायचं आणि मग बंद करायची. मधेच, सशाचं बीळ बघता बघता, तो मागे न वळता विचारायचा, "भरलेली की रिकामी?" पहिल्यांदा ती अभिमानाने म्हणाली, "रिकामी!" साहजिकच होतं, त्यात काडतूस कधी घातलंच नव्हतं, घरात सगळ्यांना ते माहीत होतं. वॉल्टर थांबला, वळला, आणि काही न बोलता तिला घरी घेऊन आला. त्या दिवशीची फेरी तिथेच संपली. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "माहीत नाही." पुन्हा घरी. या प्रश्नाला तोंडाने उत्तरच नाही हे कळायला तिला तीन फेऱ्या गमवाव्या लागल्या. उत्तर एकच: खटका दाबायचा, बंदूक मोडायची, आणि त्याच्यापुढे धरायची. मग तो आत बघायचा. स्वतः बघायचा, ती बघत असतानाही. आणि पुढे चालू लागायचा. शाबासकी वगैरे काही नाही; शाबासकी म्हणजे फेरी चालू राहणं. त्याची ही खोड इतकी हाडात मुरलेली की स्वयंपाकघरात चहाची किटली रिकामी आहे असं आईने सांगितलं तरी तो झाकण काढून आत डोकावे. आई वैतागायची, "मी काय खोटं बोलते का रे?" आणि तो म्हणायचा, "तू नाही. किटली."

त्या घरातली आणि आसपासच्या शेतांतली भाषाच जरा तिरकी होती. मोडलेली ती चांगली, शहाणी, माणसांत नेण्यासारखी. सगळी भीती अखंड असलेलीची. लेकीच्या घरी राहायला आल्यावर ऑड्रेने एकदा सहज म्हटलं, "मोडलेली आहे, काळजी करू नकोस," तर हेदर म्हणाली, "मग दुरुस्तीला दे ना, आई, नाहीतर टाकून दे." हेदर शाळेसाठी लहानपणीच शहरात आली, शहरातच वाढली, शहरातल्याच माणसाशी लग्न केलं, जिन्याखालचं लोखंडी कपाट हे तिच्या घरातलं एकमेव असं कपाट होतं ज्याची किल्ली तिच्याकडे नव्हती, आणि व्हॅक्यूम क्लीनर काढायला गेली की ती त्या कपाटाकडे पाठ न करता मागे मागे बाहेर येई. ऑड्रेला त्यात विनोद दिसे आणि थोडं समाधानही. भीती वाटते, ठीक आहे, भीतीवर काहीतरी उभारता येतं. ज्यांना भीती वाटत नाही, आणि भीती वाटत नाही हे जे सांगत सुटतात, त्यांच्या शेजारी उभं राहायला अंगावर काटा येतो. तरी एकदा, आईची ती फाटकापाशी थांबायची, चाकूचं पातं आपल्याकडे वळवून ठेवायची, कात्री मुठीने पुढे करायची शिस्त बघून हेदरने भांडी पुसता पुसता हळूच विचारलं होतं, "आई, खरं सांग. लहानपणी काही झालं होतं का? मामाला वगैरे? शेतावर कुणाला?" तिचा आवाज इतका मऊ होता, त्यात इतकी सहानुभूती तयार करून ठेवलेली होती, की ऑड्रेला तिची कीव आली. काहीतरी द्यावं तिला, असं वाटलं. एखाद्या भावाचा लंगडा पाय, एखादा फुटलेला डोळा. पण तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. "काही झालं नाही," ती म्हणाली. "म्हणजे?" "म्हणजे काहीच नाही. माझ्या वडिलांच्या शेतावर साठ वर्षांत कुणाला छर्रा लागला नाही. सशांखेरीज." "मग इतकं कशाला?" हेदर म्हणाली. आणि ऑड्रेने हातातली बशी फडताळात ठेवून दिली, कारण 'म्हणूनच' हे उत्तर इतकं उघड होतं की ते बोलून दाखवणं म्हणजे किटली रिकामी आहे असं सांगण्यासारखं झालं असतं.

पण आता, नदीच्या कठड्याला टेकून उभी असताना, ते तिला तितकं उघड वाटेना. हीच तर मेख आहे, ती मनाशी म्हणाली. झालेल्या गोष्टीचा पुरावा असतो; न झालेल्या गोष्टीची पावती कुणी फाडत नाही. डॅन्बींच्या बाजूला दोन निळे गोल आहेत, ते पाच जणांनी पाहिले. माझ्या बाजूला काय आहे? माझ्या बाजूला आहेत ते न झाडलेले बार. ते मात्र तिला एकूण एक आठवत, झाडलेल्यांपेक्षा जास्त. झाडलेले बार सगळे सारखेच: खांद्याला तो ओळखीचा धक्का, जळक्या दारूचा वास, धसकटांत कोलांटी खाऊन पडलेला ससा, त्याची हातात येणारी ऊब, मागच्या एका पायाची शीर चिरून दुसरा पाय त्यातून ओवायचा आणि काठीला लटकवायचा, रात्री कांदे-गाजरं घालून सशाची मीट-पाय भाजायची. न झाडलेल्यांचे मात्र चेहरे वेगवेगळे. ससा कुंपणाच्या माथ्यावरून गेला, मागे आकाश होतं आणि आकाशापलीकडे रस्ता. ससा गारगोट्यांच्या पट्ट्यावर बसलेला, छर्रे दगडावरून कुठे उडतील त्याचा नेम नाही. ससा सरळ समोर, तीस पावलांवर, इतका सोपा की बर्नार्ड ओरडला, "अगं मार ना!" आणि तिला त्याच्या मागच्या झुडपात काहीतरी पांढरं दिसलं. सदऱ्यासारखं. तिने नळ्या खाली केल्या. ससा गेला. सगळे जाऊन बघतात तो काय, खताची रिकामी पिशवी काट्यात अडकलेली. बर्नार्डने ती पिशवी तिला नाताळात कागदात गुंडाळून भेट दिली होती. तेव्हा तीही हसली होती. पण आज तिला ते हिशेबाला घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर मी कुणाला वाचवलं? खताच्या पिशवीला. रस्त्याला, जो मोकळा होता. दगडांना. दर वेळी मागे काही नव्हतंच. दर वेळी रिकामीच होती. एखादी बाई साठ वर्षं रिकाम्या गोष्टींना भीत राहिली, तर तिला सावध म्हणायचं की वेडी, हे कोण ठरवणार? वडील असते तर... पण वडील असते तर त्यांनी या प्रश्नालाही उत्तर दिलं नसतं. घरी घेऊन आले असते.

घरी आली तर फोन वाजत होता. डेरेक. भावाचा मुलगा, भाऊ गेल्यावर शेत त्याने धरलं. मोठा, लालबुंद, मऊ मनाचा. ऑड्रेचा निम्मा राग त्याच्या मऊपणावर आणि उरलेला निम्मा त्या मऊपणाचा आपल्याला राग येतो म्हणून.

"आत्या, शनिवारी शेवटचं शेत कापतोय. ओकच्या झाडाजवळचं."

"माहीत आहे. येते."

"येच. पण आत्या..." फोनमध्ये त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "डॅन्बी येणार आहेत. तू त्यांना दोन शब्द बोल ना."

"कुठले दोन?"

"आत्या, 'माफ करा' म्हण. झालं. तो पाहुणा माणूस होता."

"पाहुण्याची बंदूक पाहुणी नसते."

"अगं पण रिकामी होती ना ती!"

"हो. होती."

"मग? सगळ्यांसमोर तारेवर टांगून ठेवलंस त्याला. खालची सगळी शेतं त्याची आहेत, माझ्याच घरच्या माणसाने... बघ, मला काही म्हणायचं नाही, पण तो म्हणाला, एक तर तिने बोलावं, नाहीतर तो बंदूकवाल्यांच्या ओळीत उभा राहणार नाही. आणि तो उभा राहिला नाही तर मनात ठेवेल."

"आणि मी बोलले नाही तर?"

डेरेकने खुर्ची पुन्हा मागे ढकलली. "तर तू ट्रेलरपाशी थांब. सँडविचं वगैरे. हेदरलाही आण हवं तर."

"सँडविचं," ऑड्रे म्हणाली.

"आत्या, प्लीज. तुझंही वय झालं आता. कधी ना कधी..."

तिने फोन ठेवला. आपटला नाही, सावकाश ठेवला, नळ्या बंद कराव्यात तसा. ओकजवळचा कोपरा वॉल्टरचा होता. तिथे उभं राहिलं की पाठीशी झाडाचं खोड, डाव्या हाताला उतार, आणि समोरचा ससा मागे मातीची उंच कड घेऊनच बाहेर पडतो. सगळ्या शेतात इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. वॉल्टरने ती हेरली, तिला दिली, आणि चाळीस कापण्या तिथे दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं. तिला शहरात येऊन पाच वर्षं झाली होती. घर विकलं, कोंबड्या वाटल्या, कुत्री मेली, दुसरी आणली नाही. उरली होती ती बंदूक आणि तो कोपरा; आणि कोपरा गेला तर जिन्याखालच्या कपाटात एक तेल पाजलेलं लोखंड ठेवून करायचं काय? हेदर म्हणते तसं टाकूनच द्यायचं. म्हणजे हिशेब सरळ होता. दोन शब्द एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ऑड्रे. किती स्वस्त! डेरेकला वाटत होतं की आत्याला अहंकार आडवा येतो. अहंकाराचा प्रश्न असता तर तिने केव्हाच माफी मागितली असती. लग्नाच्या तीस वर्षांत तिने अहंकार बाजूला ठेवून इतक्या माफ्या मागितल्या होत्या की नवऱ्याला त्यांची सवय लागली होती. पण या माफीचा अर्थ वेगळा होता. या माफीचा अर्थ असा की पुढच्या वेळी कुणी बंद बंदूक पुढे केली आणि हसून दोन शब्द बोललं, तर हात पुढे करायचा. नाही, ती मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. चहाची किटली होती. ऑड्रेने झाकण काढून आत पाहिलं.

शनिवारी हेदरने गाडी काढली. डिकीत म्यानात घातलेली बंदूक, आणि प्रत्येक खड्ड्यावर हेदर आरशात मागे बघे. "आई, सॉरी म्हण आणि मोकळी हो," ती म्हणाली. "त्यात काय जातं?" "सॉरी तर मी रोज म्हणते," ऑड्रे म्हणाली, "बसमध्ये, दुकानात. पायावर दुसऱ्याने पाय दिला तरी म्हणते." "मग?" "मग ते तिथेच बरं आहे." दोन्ही बाजूंनी कापलेली शेतं पिवळी पडली होती. खिडकीतून पेंढ्याची धूळ आत आली आणि ऑड्रेच्या घशात ती ओळखीची खवखव सुरू झाली. तिला एकदम फार बरं वाटलं. इतकं बरं, की तिला भीती वाटली. ज्याच्याशिवाय आपल्याला करमणार नाही अशी एकच गोष्ट हातात उरलेली असली की माणूस तिच्यासाठी काहीही बोलून जातो.

हार्वेस्टर शेताला बाहेरून आत फेऱ्या मारत होता, आणि मधे जवाचं बेट लहान लहान होत चाललं होतं. त्या बेटात सगळे ससे गोळा झालेले. अजून थोड्या फेऱ्या, मग ते फुटणार, चारी दिशांना. तेव्हाच माणसांची डोकी फिरतात आणि नळ्या माणसांवरून फिरतात. पण अजून वेळ होता. बंदूकवाले ट्रेलरपाशी चहा पीत उभे होते आणि मधोमध डॅन्बी स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा शिकारीची गोष्ट सांगत होते. चांगली सांगत होते. बंदूक बगलेत आडवी. बंद. गोष्टीत हरिण डावीकडे गेलं की ते डावीकडे वळत, आणि उजवीकडे गेलं की उजवीकडे.

ऑड्रे गाडीपाशी उभी राहिली. बंदूक म्यानातून काढली, मोडली, नळ्यांतून एकदा आकाश पाहिलं आणि कोपरावर टाकली. डेरेकने तिला पाहिलं आणि हनुवटीने डॅन्बींकडे खूण केली: बोल. त्याच्या चेहऱ्यावर इतकी विनवणी होती की तिला ती बघवेना, म्हणून तिने मान खाली घातली. आणि खाली तिला पाय दिसले.

धसकटांत पाच जोड बूट. वर चेहरे हसत होते, माना डोलत होत्या, "काय सांगता!" चाललं होतं. खाली मात्र डॅन्बींच्या नळ्या डावीकडे आल्या की डावीकडचे बूट अर्धं पाऊल मागे जात, आणि नळ्या गेल्या की परत येत. उजवीकडे तेच. जणू नळ्यांच्या टोकाला बांधलेल्या अदृश्य दोरीने कुणी ते बूट हलवत होतं. बर्नार्डने आपल्या कुत्र्याला शीळ घालून उगाचच दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि त्याच्या मागोमाग स्वतःही सरकला, गोष्टीतला एकही शब्द न चुकवता. खुद्द डेरेक, खंडाने शेतं करणारा, पाहुण्याचा मान राखणारा डेरेक, आत्याला खुणा करता करता ट्रेलरच्या चाकाआड अर्धा गेला होता. आणि हेदर! बंदुकीतलं जिला ओ की ठो कळत नाही ती हेदर थर्मास पोटाशी धरून डॅन्बींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली होती. पोस्टातली बाबागाडी ऑड्रेला आठवली. तोंडं डॅन्बींकडे, ती मनाशी म्हणाली, आणि पाय माझ्याकडे. सगळ्यांचे. तिला हसू आलं, आणि हसू आल्यावर मग कुठे कळलं की गेला आठवडाभर आपल्याला आपण वेड्या आहोत असं खरोखर वाटत होतं.

ती सरळ चालत गेली. नळ्यांच्या टापूत येऊ नये म्हणून जरा वळसा घालून, पण सरळ. डॅन्बींची गोष्ट थांबली. सगळ्यांनी कप खाली घेतले.

"मिस्टर डॅन्बी," ती म्हणाली. डेरेकने सुटकेचा श्वास सोडला. "त्या दिवशी तुमची बंदूक रिकामी होती."

"होतीच," डॅन्बी मोठ्या मनाने म्हणाले.

"होती. आणि पुन्हा तशीच पुढे कराल, तर मी पुन्हा हात मागे घेईन."

"आत्या!" डेरेक म्हणाला.

"तू गप रे. आधी चाकामागून बाहेर ये आणि मग बोल." बर्नार्डने खोकल्यासारखं केलं. "आणि तू काय खोकतोस? कुत्रं का हलवलंस?"

"मी? सहज... माश्या होत्या."

"माश्या," ऑड्रे म्हणाली.

डॅन्बी हसले. हसणं त्यांना येत होतं, तो त्यांचा हुकमी बार होता. "बाईंना काही पटायचं नाही," ते म्हणाले. "डेरेक, तुम्ही साक्षीदार. अहो, आजसुद्धा ही रिकामीच—" आणि साक्षीदाराशी बोलता यावं म्हणून ते वळले, आणि त्यांच्याबरोबर नळ्या वळल्या, बर्नार्डच्या गुडघ्यावरून, कुत्र्याच्या डोक्यावरून, ट्रेलरच्या चाकाकडे.

"जमिनीकडे!"

हा आवाज पोस्टात मावला नव्हता; इथे तो बरोबर मावला. कुत्रं मटकन खाली बसलं. दूर हार्वेस्टरवरच्या माणसाने मान वर केली. आणि डॅन्बींच्या हातातली बंदूक खाली गेली. बंदूक आधी गेली; राग मागाहून आला, मानेवरून वर चढत कानांपर्यंत पोचला, पण तोवर नळ्या मातीकडे बघत होत्या आणि त्या पुन्हा वर उचलायच्या तर सगळ्यांच्या देखत उचलाव्या लागणार होत्या. कुणी हसलं नाही. पाच जोड बूट जिथल्या तिथे स्थिर होते.

ऑड्रे थांबली नाही. थांबलं की माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि बोललं की सौदा सुरू होतो. डेरेक पुढे आला होता, तोंड उघडून, चाकापासून दूर, त्याच्याजवळून जाताना ती म्हणाली, "सँडविचं तू वाट. तुला जमेल." आणि शेताच्या कडेकडेने ओककडे निघाली. शेतं जातील त्याची, तिच्या मनात आलं. कदाचित जातील. डॅन्बी मनात ठेवणारे आहेत, आणि डेरेक पुढल्या वर्षी तिला बोलावेलच असं नाही; आजही मागून हाक येऊ शकते. तिने कान दिला. हाक आली नाही. धसकटं बुटांखाली कुरकुरत होती, उन्हात पेंढ्याची धूळ तरंगत होती, आणि डाव्या हाताला, किंचित मागे, बारा वर्षांचं कुणीतरी न बोलता चालत असल्यासारखी जागा रिकामी होती.

ओकपाशी पोचून तिने पाठ खोडाला लावली. तेवढ्यात मागे, ट्रेलरच्या बाजूने, एक आवाज आला. लहान, कोरडा, लोखंडी: खटका दाबल्याचा आणि बिजागरी उघडल्याचा. कुणाची बंदूक मोडली गेली, डॅन्बींची की दुसऱ्या कुणाची, आणि तिच्यातून काही निघालं की नुसतं आकाशच, ते बघायला तिने मान वळवली नाही. तो प्रश्नच नव्हता. तिने समोर पाहिलं: उतार, मग मातीची कड, कडेच्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. जवाचं बेट थरथरू लागलं होतं. मग तिने खिशातून दोन काडतुसं काढली, घातली, आणि बंदूक बंद केली.